जठराच्या कॅन्सरचा 'एबीसी' रिपोर्ट : जपानी गणित आपल्याला लागू पडतं का?

कऱ्हाडची_तोक्योत

मुख्यतः जपानातल्या मराठी मंडळींसाठी काढतेय हा धागा, पण बाकीच्यांनीही जरूर या, कारण शेवटचा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे.

इथे एक वय ओलांडलं की वॉर्ड ऑफिसकडून कॅन्सर तपासणीची पाकिटं यायला लागतात. जठराच्या कॅन्सरसाठी जुनी पद्धत म्हणजे बेरियमचा एक्स-रे. साठच्या दशकापासून एक्स-रेच्या बस गावोगाव फिरायच्या आणि १९८३ पासून हे देशभर सरकारी कार्यक्रमात आलं. गॅस होणारी पूड गिळायची, घट्ट पांढरं बेरियम प्यायचं, ढेकर अजिबात द्यायचा नाही (इथेच निम्मे लोक नापास), मग ते टेबल तुम्हाला आडवंतिडवं फिरवत फोटो काढतं आणि घरी जाताना हातात जुलाबाची गोळी. २०१६ पासून नियम बदलले, आता पन्नाशीपुढच्यांना दोन वर्षांतून एकदा एक्स-रे किंवा एंडोस्कोपी (म्हणजे दुर्बिणीची नळी घालून जठर आतून बघणं), तुम्ही निवडा. एक्स-रे चाळिशीपासून दरवर्षी चालवायची मुभा तूर्त ठेवलीय त्यामुळे वॉर्डावॉर्डात फरक दिसतो.

पण काही वॉर्डांत आणि योकोसुकासारख्या काही शहरांत अजून एक प्रकार असतो, 'रिस्क केन्शिन' (केन्शिन म्हणजे तपासणी), यालाच एबीसी म्हणतात. यात फक्त रक्त घेतात. एक, जठरात राहून कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या एच पायलोरी जंतूच्या अँटिबॉडीज आहेत का, आणि दोन, पेप्सिनोजेन १ आणि २ या जठरात बनणाऱ्या पाचक द्रव्यांचं प्रमाण. पेप्सिनोजेन १ जठराच्या मुख्य भागातल्या ग्रंथी बनवतात, २ मात्र जवळजवळ सगळं जठर बनवतं, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या जंतूच्या दाहाने अस्तर झिजलं की १ कमी होतं आणि दोघांचा रेशो पडतो. पेप्सिनोजेन १ सत्तर किंवा कमी आणि रेशो ३ किंवा कमी असेल तर झीज आहे असं धरतात. जंतूही नाही झीजही नाही तो ए, जंतू आहे पण झीज नाही तो बी, दोन्ही आहे तो सी, आणि झीज इतकी झालीय की तिथे जंतूलाही राहवेना, अँटिबॉडीही गेल्या, तो डी. डी सगळ्यात वाईट, हे आधी मला उलटंच वाटलेलं.

जपानात हेल्थ चेकअपला आलेल्या साधारण सात हजार लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवून काढलेले २००५ चे आकडे आहेत, जठराचा कॅन्सर वर्षाला दहा हजारांत ए मध्ये ४ जणांना, बी मध्ये ६, सी मध्ये ३५, डी मध्ये ६०. म्हणजे ए ला सोडा, बी ला तीन वर्षांनी दुर्बीण, सी ला दोन वर्षांनी, डी ला दरवर्षी, असं साधारण सांगतात. सगळ्यांना सरसकट एकच तपासणी करण्यापेक्षा ज्याला धोका त्याच्याकडे लक्ष, हे मला तर फारच पटलं.

आता घरचा निकाल. मला ए, नवऱ्याला बी. नवरा सांगलीचा, इथे येऊन दहाएक वर्षं झाली. आणि प्रश्न हा की हे सगळे आकडे जपानी लोकांवरून काढलेत. सांगलीत वाढलेल्या माणसाच्या बी चा अर्थ तोच का जो ओसाकात वाढलेल्या माणसाच्या बी चा?

वेलदोडा_नको

मस्त लिहिलंयस ताई. इथे पुण्यात लॅबवाले पॅकेजमध्ये एच पायलोरी अँटिबॉडी टाकायला लागलेत, घरी येऊन रक्त नेतात, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण फिरतंय, सीनियर सिटिझन्सना डिस्काउंट वगैरे. आईबाबांचं करून घेऊ का? बाबांना कायम जळजळ असते.

मिरजेचा_गॅस्ट्रो

वेलदोडा, थांबा जरा, पैसे भरू नका, खाली सांगतो.

आधी कऱ्हाडताईंचा प्रश्न, कारण तो फार योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. नाही, अर्थ तोच नाही. जपानात १९५० च्या आधी जन्मलेल्यांत हा जंतू बहुतेकांना होता, आजच्या शाळकरी मुलांत तो अगदी थोड्यांना सापडतो. म्हणजे तिथे जंतू आहे की नाही यावरूनच माणसांची छान विभागणी होते. आपल्याकडे जंतू लहानपणीच लागतो, पाणी, दाटीवाटी, एका ताटात जेवण, आणि निम्म्याहून जास्त प्रौढांना असतो. तरीही महाराष्ट्रात जठराचा कॅन्सर जपान-कोरियाच्या तुलनेत खूपच कमी. यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. पूर्व आशियातल्या जंतूची जात जास्त आक्रमक असते (कॅग-ए नावाचं प्रथिन तिथे वेगळ्या घडणीचं असतं), खारवलेलं धुरावलेलं खाणं, तंबाखू, माणसाची स्वतःची जनुकं, सगळं मिळून होतं. तर अशा ठिकाणी एबीसी लावलं तर अर्धं मिरज बी मध्ये बसेल आणि त्यातल्या जवळजवळ कुणालाच कॅन्सर होणार नाही. चाळणीची भोकं धान्य बघून ठरवावी लागतात. नुसता बी म्हणून आपल्या माणसाने घाबरून जायचं कारण नाही.

पण मिस्टरांना सी किंवा डी आला असता तर मी वेगळं बोललो असतो. झीज ही झीजच, ती मिरजेत झाली काय आणि क्योतोत झाली काय.

दुसरी गोष्ट म्हणजे ए. लोकांना वाटतं ए म्हणजे सुटलो. ए मध्ये काही छुपे लोक घुसलेले असतात. ज्यांनी कधीतरी जंतूचं औषध घेतलंय, किंवा दुसऱ्याच कशासाठी खूप अँटिबायोटिक्स घेतलेत आणि जंतू आपोआप गेला, त्यांच्या अँटिबॉडी हळूहळू उतरतात आणि रक्तात ए दिसतो, पण अस्तर आधीच खराब झालेलं असतं. म्हणून जपानात औषध घेतलेल्यांना या रक्ततपासणीत परत बसवतच नाहीत, त्यांचा वेगळा ई गट करतात आणि त्यांना दुर्बीण चालूच ठेवायला सांगतात. आणि आपला राष्ट्रीय छंद, पॅन-४०! आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पेप्सिनोजेन वर जातं, झीज असूनही नाही असं दिसतं. किडनी निकामी असेल तरी आकडे फसवतात. या गोळ्यांची स्ट्रिप खिशात ठेवून फिरणाऱ्या देशात या टेस्टच्या आधी नर्सने गोळ्यांचं विचारलं नाही तर रिपोर्ट कचरापेटीत टाकायच्या लायकीचा.

वेलदोडा_नको

बाबा रोज सकाळी उपाशीपोटी तीच गोळी घेतात, किती वर्षं झाली तेही आठवत नाही त्यांना 😐

सोऱ्या_आणि_चकली

एवढी गणितं कशाला, सगळ्यांना थेट एंडोस्कोपी करा की. कोरियात चाळिशीपुढे दर दोन वर्षांनी करतातच सरकारी खर्चात. गरीब देश नाही म्हणून करतात हे मान्य पण जपान कुठे गरीब आहे मग ते रक्ताचे खेळ कशाला खेळतायत.

कऱ्हाडची_तोक्योत

सोऱ्या, कोरियाचं बरोबर आहे आणि त्यांचा अभ्यासही जबरदस्त आहे, ज्यांनी एंडोस्कोपी केली त्यांच्यात जठराच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं दिसलं आणि एक्स-रे करणाऱ्यांत फरक जवळपास नाहीच. पण गंमत अशी की नेमकं याच कारणाने जपानची राष्ट्रीय गाईडलाइन एबीसी ला सार्वजनिक कार्यक्रम म्हणून शिफारस देत नाही. त्यांचं म्हणणं, रक्ताने गट पाडल्यामुळे मृत्यू कमी झाले असा पुरावा आणा, नुसते गट सुंदर पडतात एवढं पुरेसं नाही. काही शहरं स्वतःच्या हिमतीवर करतायत. मला स्वतःला शहरांची बाजू जास्त पटते, कारण दुर्बीण करणारे डॉक्टर मोजकेच असतात आणि खेड्यांत तर नाहीतच, मग ज्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला जंतूच नाही त्याच्या नाकातून नळी घालण्यात तो डॉक्टर अडकवायचा आणि सत्तरीच्या डी वाल्या आजोबांना तीन महिन्यांची वेटिंग द्यायची याला काय अर्थ आहे. (हो, इथे नाकातूनही करतात, बारीक नळी असते, उलटीसारखं होत नाही म्हणे.)

मिरजेचा_गॅस्ट्रो

इथे मी गाईडलाइनवाल्यांच्या बाजूने. आकडे सुंदर आणि माणसं वाचली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, स्क्रीनिंगच्या क्षेत्रात यात भले भले फसलेत. एक अजून. तरुण वयात होणारा, पसरत जाणारा जो प्रकार असतो तो झिजेच्या वाटेने येतोच असं नाही, तो बी मध्येसुद्धा होतो, कधी घराण्यात चालत आलेल्या दोषातूनही होतो. तिथे पेप्सिनोजेनचा रेशो नॉर्मल बघून माणूस निर्धास्त राहिला तर घात.

बार्शीचा_नाना

उशिरा आलो. डॉक्टरसाहेब चाळणी म्हणाले तेच मी वेगळ्या बाजूने सांगतो. आमच्याकडं बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री आहे, देशातली पहिली ग्रामीण. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावागावात माणसं जाऊन कुणाला कुठला कॅन्सर झाला याची नोंद करत आलीत. त्या नोंदीतून काय दिसलं तर बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा फार. मग शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव म्हणायचं, १९९९ ला मोठा अभ्यास सुरू झाला, तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका. काही गावांत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्याने होतो त्या विषाणूची तपासणी, काही ठिकाणी पॅप, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन तपासायच्या, काही ठिकाणी व्हिनेगर लावून बघायचं, काही गावांत नेहमीचीच सेवा. २००९ ला निकाल छापून आला, आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासलेल्या गटात त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे.

सांगायचा मुद्दा असा की रिस्क माणसाची काढायच्या आधी गावाची काढावी लागते. धाराशिवच्या बाईची रिस्क काढायची तर आधी गर्भाशयमुख, स्तन आणि तोंड. सरकारच्या कार्यक्रमात तिशीपुढे हे तीनच आहेत, जठर नाही, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. तेवढंसुद्धा धड होत नाही, आशाताईंना विचारा.

ऐझॉल_रिटर्न

नाना, महाराष्ट्रापुरतं मान्य. पण भारत म्हणजे महाराष्ट्र नाही ना. नोकरीनिमित्त मिझोराममध्ये राहिलोय, तिथल्या पुरुषांत जठराच्या कॅन्सरचं प्रमाण देशात सगळ्यात वरच्या पट्टीत. ऐझॉलमध्ये ओळखीच्या बऱ्याच कुटुंबांत कुणीतरी. चुलीवर टांगून धुरी दिलेलं मांस, आंबवलेली डुकराची चरबी ज्याला ते सा-उम म्हणतात, आणि तुइबुर. तुइबुर म्हणजे तंबाखूचा धूर पाण्यातून सोडून ते पाणी बाटलीत भरून विकतात आणि लोक घोट तोंडात धरून ठेवतात, बाया-बापे दोघंही. मला पहिल्यांदा कुणीतरी पाहुणचार म्हणून दिलं तेव्हा काय आहे तेच कळेना. काश्मीरमध्येही जास्त आहे, मिठाचा चहा, वाळवलेले पदार्थ. तर एबीसीसारखं काही भारतात वापरून बघायचंच असेल तर ऐझॉल किंवा श्रीनगरला बघा, आणि तिथल्या माणसांवर तिथलेच आकडे काढा. पुण्याच्या लॅब पॅकेजमध्ये नको.

मिरजेचा_गॅस्ट्रो

+१. तंबोलींपासून बिडीवाल्यांपर्यंत सगळ्यांना हे वाचून दाखवलं पाहिजे.

सोऱ्या_आणि_चकली

मग मूळावरच घाव घाला ना. जंतूमुळे होतो म्हणताय तर सगळ्यांना जंतूचं औषध द्या, दुर्बीण नको रक्त नको. त्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने स्वतः जंतू पिऊन दाखवले होते ना.

पॅथॉलॉजीवाली

बॅरी मार्शल, पर्थ, १९८४. प्यायला, काही दिवसांत उलट्या, तोंडाला घाण वास, दुर्बिणीत सूज. त्याला आणि रॉबिन वॉरनला २००५ ला नोबेल. पण त्याने दाखवलं ते सूज येते हे, कॅन्सरचा पुरावा नंतरचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ ला याला पहिल्या वर्गाचा कॅन्सरकारक ठरवलं. आणि २००१ ला जपानमधला अभ्यास आला, १५२६ लोक, सरासरी पावणेआठ वर्षं, जंतू असलेल्या १२४६ पैकी ३६ जणांना कॅन्सर, नसलेल्या २८० पैकी एकालाही नाही. आम्ही शिकत असताना हा एक तक्ता पाठ होता.

सगळ्यांना औषध द्यायचा प्रयोग झालाय. तैवानची मात्सू नावाची छोटी बेटं आहेत, चीनच्या किनाऱ्याला लागून, कॅन्सर भयंकर होता. २००४ पासून तिथे प्रौढांना फुंकर मारायची ब्रेथ टेस्ट करून जंतू असलेल्यांना औषध, परत परत फेऱ्या. जंतू ६४ टक्क्यांवरून १५ वर आला आणि कॅन्सर आधीच्या मानाने ५३ टक्के कमी. चीनच्या शानदोंगमध्ये लिनछू परगण्यात तर ९८० गावं, एक लाख ऐंशी हजार माणसं, तिथे घट तेरा-चौदा टक्के. मोठ्या जमिनीवर गेलं की आकडा खाली येतो हे लक्षात घ्या. बेटावर माणसं ठरलेली असतात.

मिरजेचा_गॅस्ट्रो

आणि महाराष्ट्रात निम्म्या लोकसंख्येला दोन-दोन अँटिबायोटिक्स वाटायची कल्पना ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. मेट्रोनिडॅझोल जुलाब झाले की मेडिकलवाला स्वतःच देतो, त्यामुळे आपल्याकडचे बरेच जंतू त्याला आता दाद देत नाहीत, क्लॅरिथ्रोमायसिन त्याच वाटेवर. ज्याला अल्सर आहे, ज्याच्या अस्तरात झीज दिसलीय, ज्याच्या सख्ख्या नात्यात जठराचा कॅन्सर झालाय, त्यांना जरूर द्या आणि पूर्ण कोर्स द्या.

अबोली_२२

सख्ख्या नात्याचं लिहिलंत म्हणून विचारते. माझे वडील याच कॅन्सरने गेले, ६१ वर्षांचे होते. कळलं तेव्हा लिव्हरपर्यंत गेलेलं. मी आणि भाऊ, दोघं नाशिकला, दोघांनाही काहीच त्रास नाही. आम्ही मग कुठल्या गटात?

मिरजेचा_गॅस्ट्रो

अबोली, वाईट वाटलं वाचून. तुम्हा दोघांसाठी वरची चर्चा सोडून द्या, तुमची रिस्क तुमच्या घरातूनच आलीय, त्यासाठी अक्षराची गरज नाही. दोघांनी जंतूची तपासणी करा, रक्ताची नाही, ब्रेथ टेस्ट किंवा शौचाची अँटिजेन टेस्ट, रक्तात जुना जंतू आणि चालू जंतू यातला फरक कळत नाही. असेल तर औषध. कोरियात नेमका तुमच्यासारख्या लोकांवर अभ्यास झाला, आईवडील-भावंडांत कॅन्सर असलेले १६७६ जण, निम्म्यांना खरं औषध निम्म्यांना नकली, नऊ वर्षांनी औषधवाल्यांत १० कॅन्सर, नकलीवाल्यांत २३. त्याशिवाय चाळिशीच्या आसपास एकदा दुर्बीण करून अस्तराचे तुकडे तपासून घ्या, त्यावरून पुढचं ठरेल. आणि घराण्यात अजून कुणाला, विशेषतः पन्नाशीच्या आत झाला असेल, किंवा बायकांमध्ये स्तनाचा असेल, तर जेनेटिक्सवाल्यांना दाखवा.

अबोली_२२

आत्याला स्तनाचा होता. ती ठीक आहे आता. सांगते भावाला.

मिरजेचा_गॅस्ट्रो

मग नक्की दाखवा. आत्याचे रिपोर्ट असतील तर ते बरोबर न्या, कुठल्या प्रकारचा होता ते त्यात लिहिलेलं असतं. वडिलांच्या बायोप्सीचा कागदही शोधा.

कऱ्हाडची_तोक्योत

डॉक्टर, मिस्टरांचं सांगा ना मग. बी आहे तर इथले डॉक्टर म्हणतायत एंडोस्कोपी करा मगच औषध. मला वाटलं बिल वाढवतायत.

पॅथॉलॉजीवाली

नाही हो, तो जपानचा नियम आहे. २०१३ च्या फेब्रुवारीपासून जंतूमुळे आलेल्या जठराच्या सुजेचं औषध विम्यात बसतं, पण सूज दुर्बिणीतून दिसली पाहिजे ही अट आहे. नुसत्या रक्तावर विमा पैसे देत नाही. मला तर ही अट हुशारीची वाटते, औषधाच्या निमित्ताने प्रत्येकाच्या जठरात एकदा तरी कुणीतरी डोकावतो, आणि त्यात लवकरचा कॅन्सर सापडला तर दुर्बिणीतूनच खरवडून काढतात, पोट फाडायची वेळ येत नाही.

मिरजेचा_गॅस्ट्रो

सहमत. मिस्टरांना सांगा फुकटात नाकातून बघून मिळतंय तर बघून घ्या 😄 (पूर्ण फुकट नसेल, तीस टक्के वगैरे भरावे लागतील). औषध सात दिवसांचं असतं, आम्ल कमी करणारं एक आणि अँटिबायोटिक्स दोन, तोंड कडू होतं, जुलाब होतात, मध्येच सोडू नका. संपल्यावर निदान चार आठवड्यांनी ब्रेथ टेस्ट, त्याआधी दोन आठवडे आम्लाच्या गोळ्या बंद, नाहीतर जंतू असूनही नाही म्हणेल. आणि पुढच्या वर्षी वॉर्डाचं रक्ताचं पाकीट आलं तर त्यांनी त्यात बसायचं नाही, फॉर्मवर जंतूचं औषध घेतलंय असं लिहायचं.

सोऱ्या_आणि_चकली

मुलांना पण जंतू असेल का मग, घरातच आहे म्हटल्यावर?

कऱ्हाडची_तोक्योत

असू शकतो, लहानपणी घरातूनच लागतो. इथे सागा प्रांतात २०१६ पासून ज्युनिअर हायस्कूलच्या तिसरीतल्या मुलांची शाळेतच लघवीची तपासणी करतात, ती पॉझिटिव्ह आली तर शौचाची, आणि मग औषध. आमच्या वॉर्डात नाही तसलं. मुलगी आत्ता चौथीत आहे, ती मोठी झाल्यावर बघू, एवढ्या लहान वयात औषध देत नाहीत म्हणे.

वेलदोडा_नको

आणि माझ्या बाबांचं राहिलंच. पॅकेज कॅन्सल केलं. मग करायचं काय त्यांचं, नुसतं बसायचं?

मिरजेचा_गॅस्ट्रो

वय किती? साठीपुढे असतील आणि इतकी वर्षं जळजळ असेल तर ते स्क्रीनिंगच्या गटातच नाहीत, त्यांना त्रास आहे, त्यांना सरळ एकदा दुर्बीण. त्याआधी चार गोष्टी विचारा. वजन उतरलंय का, जेवण थोडक्यात पोट भरल्यासारखं होतं का, शौचाला डांबरासारखी काळी होते का, हिमोग्लोबिन कमी आहे का. यातलं एक जरी हो असेल तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

वेलदोडा_नको

६८. हिमोग्लोबिन मागच्या वेळी ९ पॉइंट काहीतरी होतं, फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात.

मिरजेचा_गॅस्ट्रो

लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळाच होतो, त्यामुळे त्यावरून आता काही कळणार नाही. ६८ वर्षांच्या पुरुषाला ९ हिमोग्लोबिन का, हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या नकोत. वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी लागतील. उद्याच अपॉइंटमेंट घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते फोनवरच सांगा.

वेलदोडा_नको

हो चालू आहे, अँजिओप्लास्टीनंतर. सांगते. थँक्यू डॉक्टर.